लिलावातली हिऱ्याची अंगठी घेण्याआधी

लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये मी जुने दागिने दुरुस्त करते. लिलावात अंगठी घेतल्यावर लोक माझ्याकडे येतात. खरं तर बघायचं ते सगळं आधीच बघायला हवं. लिलावाच्या आधीचे काही दिवस दागिने मांडून ठेवलेले असतात आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. फोटोवर भरवसा ठेवून बोली लावू नका. तिथे जा आणि अंगठी हातात मागा.

अंगठी हातात आली की आधी दिव्यांपासून लांब, खिडकीशी न्या. मांडणीतले दिवे कुठलाही खडा लखलखवतात. पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीवर खडा आडवा धरा आणि बाजूने बघा, पिवळसर झाक असली तर तिथे दिसते. सोन्याच्या कोंदणात मात्र थोडी झाक सोन्याचीही असते, ती वजा करा.

खडा निस्तेज वाटला म्हणून लगेच परत ठेवू नका. 2017च्या जूनमध्ये सदबीजच्या लंडनमधल्या लिलावात एक अंगठी 6,56,750 पौंडांना गेली. 1980च्या दशकात ती जुन्या सामानाच्या बाजारात 10 पौंडांना घेतलेली होती आणि खडा खोटा समजून वर्षानुवर्षं रोज वापरली गेली. हिरा होता 26.27 कॅरटचा! एकोणिसाव्या शतकातले कारागीर चमकेपेक्षा वजन राखायला बघत, म्हणून त्या काळचे हिरे आजच्यासारखे झगमगत नाहीत. वरून बघितलं तर मधोमध छोटं वर्तुळ दिसतं. तळाचं टोक सपाट कापलेलं असतं, त्याचं ते. मला हे हिरे फार आवडतात. संध्याकाळच्या मंद उजेडात त्यांचे मोठे पैलू सावकाश पेटतात. नवीन पद्धतीने पुन्हा पैलू पाडून घ्यायचा विचार कृपा करून करू नका. वजन जातं आणि जुनेपणही जातं.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. प्राँग, म्हणजे खडा धरून ठेवणारे धातूचे पंजे, झिजून पातळ झालेत का बघा. मग हिऱ्याची कड सगळीकडून फिरवून बघा. टवका बहुधा कडेलाच उडतो, आणि कधीकधी नेमका प्राँगखाली लपलेला असतो. पट्टीच्या आतल्या बाजूला जोड दिसला तर माप पूर्वी बदललेलं आहे.

जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट असेल तर तारीख वाचा, कारण त्यानंतरची झीज त्यात नसते. कडेवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर तो रिपोर्टशी जुळवा. जीआयए सुट्ट्याच हिऱ्यांची प्रत ठरवते, तेव्हा रिपोर्ट नसलेल्या अंगठीचं वजन ‘सुमारे’ म्हणून दिलं असेल, तर ते बहुधा कोंदणातच मापं घेऊन काढलेला अंदाज असतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नुसत्या भिंगाने खात्रीने ओळखता येत नाही. मोठ्या खड्याला रिपोर्ट नसेल तर मी बोली लावणार नाही.

पैशांचा हिशोब घरीच करा. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावघराचं प्रीमियम, म्हणजे त्याचं कमिशन, चढतं. समजा बोली 4,000 पौंडांची, प्रीमियम 25 टक्के आणि त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट. देणं झालं 5,200 पौंड. दर प्रत्येक घराचा वेगळा, अटींमध्ये छापलेला असतो. भारतात न्यायची असेल तर सीमाशुल्कही आधी विचारा. तुमचा शेवटचा आकडा हे सगळं धरून कागदावर लिहा आणि तिथेच थांबा. हातोडा पडल्यावर माघार घेता येत नाही.

पट्टीवर चहूबाजूंनी खडे बसवलेले असतील, तर माप बदलणं अवघड असतं. बोटात नीट बसत नसेल तर दुसरी बघा. आणि घेतलीत, तर घालण्याआधी प्राँग घट्ट करून विमा काढा.