पंप अर्ध्या तासाचा, खरवड दीड तासाची

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीखाली डाग दिसायला लागला, तेव्हा मी तो एसीच्या पाण्याचा समजले. बोट लावून बघितलं तर चिकट, हिरवट, वासाला गोडसर. म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. टॉर्च घेऊन वाकले. हे कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीमागे खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून पांढरट-हिरव्या क्षाराची रेघ खाली ओघळली होती. ते भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर येतं. तिथून गळती लागली की पंप बदलायचा. एम-सीलनं भोक बुजवणारे महाभाग मी पाहिलेत.

सील का गेलं, याची आरोपी मीच. दोन वर्षं कूलंट कमी झालं की बाटलीतलं नळाचं पाणी ओतत होते. साध्या पाण्यानं आत गंज धरतो, क्षार साठतात आणि तो गाळ सीलवर घासत राहतो.

आधी एक तपासा. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर (वॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) किंवा त्याच्या मागे असेल, तर गाडी सरळ मेकॅनिककडे न्या. तो बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला तरी टायमिंग बिघडतं, आणि काही इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. माझ्या १४ वर्षांच्या गाडीत टायमिंग चेन आहे. पंप बाहेरून, अल्टरनेटरच्या बेल्टवर फिरतो. म्हणून पंप स्वतः बदलायची हिंमत केली.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडली तर आतलं दाबाखालचं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. सकाळी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी उचलावी लागली तर घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही, नुसत्या जॅकवर तर नाहीच. मग खाली टब ठेवून रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) सोडा. माझ्या टबात चहासारखं तांबूस पाणी आलं. ते तसंच उघडं ठेवू नका. विषारी असतं, मांजरं चाटतात आणि मरतात. आमच्याकडे पार्किंगमध्ये तीन आहेत. मी लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावलं आणि नंतर गॅरेजवाल्याकडे दिलं. गटारात ओतायचं नाही.

बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करा. मी पहिल्यांदा बेल्ट आधी काढला. मग पुली पानासोबत गोल गोल फिरायला लागली आणि मी परत बेल्ट चढवत बसले.

पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, त्यांची युक्ती: पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढायचा आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी खोचायचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण पंप दाबला जात नाही. पंप चिकटून बसला असेल तर लाकडी हातोडीनं हलकेच ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमवर चरा पडला की तिथून कायमची गळती.

पंप निघाला अर्ध्या तासात. जुना गॅस्केट (पंप आणि इंजिनमधली फट बंद करणारी पातळ चकती) खरवडायला दीड तास गेला, आणि घाई करायची जागा हीच नव्हे. आतल्या तोंडात फडकं कोंबा, म्हणजे कचरा इंजिनात जाणार नाही. जुनं एटीएम कार्ड घ्या. हट्टी तुकड्यांना ब्लेड, पण आडवं धरून. झालं असं वाटलं की डोळे मिटून बोट फिरवा. मला नजरेला न दिसलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा बोटाला लागला.

पंप दुकानातून आणताना जुना सोबत न्या, शेजारी ठेवून भोकं जुळवा. नवा हातानं फिरवून बघा, खरखर नको. गॅस्केट कोरडाच बसवायचा की सीलंट लावून, हे मॅन्युअलमध्ये असतं. लावायचं असेल तर पातळ थर. बोल्ट आधी सगळे बोटांनी, मग समोरासमोरचे आळीपाळीनं थोडे थोडे. ६ मिमीच्या बोल्टाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (पिळायचा जोर) पुरतो. जोर दाखवलात तर आटे जातात. बेल्ट मी नवाच घातला. पंप, बेल्ट, कूलंट मिळून तीन हजारांच्या आत आलं.

कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळून, तयार असेल तर तसंच, सावकाश ओता. बॅटरीची वायर लावा, कॅप उघडीच ठेवून इंजिन चालू करा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा. ठाण्यात हीटर लागतो तो एवढ्यासाठीच. वरचा होज दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तेवढं भरा. पंखा एकदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. हवा आत राहिली तर नव्या पंपावरही गाडी तापते.

मी उपवनपर्यंत जाऊन आले, काटा मध्यावर. रात्री गाडीखाली पेपर अंथरला. सकाळी तो कोरडा होता, कूलंटच्या टाकीतली पातळी मात्र बोटभर उतरलेली. उरलेलं कूलंट त्यासाठीच जपून ठेवलं होतं.