वणव्याचे दिवस: मांगर आणि गोठा कसा राखाल?

शिमगा जवळ आला की सड्यावरचं गवत करकरीत वाळतं. तिथून पहिल्या पावसापर्यंत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराच्या जिवाला घोर तो वणव्याचा. आंबा-काजूच्या बागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी, बहुतेकजण काढतात. मांगर (बागेतलं शेतघर), गोठा आणि पंपाची खोपी मात्र तशीच राहते.

इमारत ज्वाळेने पेटते त्यापेक्षा ठिणगीने जास्त पेटते. आग गडग्याशी अडली तरी ठिणग्या वाऱ्यावर पुढे येतात आणि कौलांच्या फटीतून माळ्यावरच्या पेंढ्यात शिरतात, नाहीतर पन्हळीत साचलेल्या पातेऱ्यात. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या वणव्यांनंतरही हेच दिसून आलं. म्हणून तिथे भिंतीपासून पहिल्या 5 फुटांत जळण्यासारखं काही ठेवू नका, असं सांगतात.

आपल्याकडे या कामाला खराटा पुरतो. भिंतीलगतची पट्टी झाडून माती उघडी करा, कौलांवरचा पातेरा काढा. उडवी गोठ्याला टेकवून रचू नका. वैरण आणायला चार पावलं जास्त पडतील, पडू देत. गोवऱ्या, झापं, डिझेलचा कॅन यांनाही हाच नियम. पेंढा भरलेले आंब्याचे लाकडी खोके पडवीत रचून ठेवणं म्हणजे तर आगीला आमंत्रणच. कोवळ्या कलमांना उन्हाळ्यात आच्छादन हवंच, पण हद्दीकडच्या ओळीत पातेऱ्यावर मातीचा थर द्या.

जाळरेषा शक्यतो बेणूनच, म्हणजे गवत कापूनच काढा. जाळायचीच असेल तर सकाळी दव असताना, वारा पडलेला बघून, हाताशी माणसं आणि भरलेली पिंपं ठेवून. वनहद्द जवळ असेल तर वनरक्षकाला आधी सांगा. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे.

आता घर आगीपासून वाचवायला फवारतात त्या जेलविषयी. अमेरिकेत घरांवर पांढरट, बुळबुळीत थर फवारतात त्याचे व्हिडिओ पाहून बरेचजण विचारतात. बाळाच्या डायपरमधली पूड आणि हे जेल एकाच जातीचं. फ्लोरिडातल्या एका अग्निशामक जवानाला जळालेल्या कचऱ्यात ओला डायपर शाबूत दिसला, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं सांगतात. ही पूड स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते. नुसतं पाणी भिंतीवरून ओघळून जातं, जेल उभ्या भिंतीलाही चिकटून राहतं. त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत खालचं लाकूड पेटण्याइतकं तापत नाही. पण कडक उन्हात आणि वाऱ्यात काही तासांतच ते सुकायला लागतं, मग वरून पुन्हा पाणी शिंपावं लागतं. आग येणार हे कळल्यावर शेवटच्या घटकेला करायचा हा उपाय आहे. महिनाभर आधी मारून ठेवून उपयोग नाही. शिवाय अशा पुडीला क्षार मानवत नाहीत, खाऱ्या पाण्यात ती कमी फुगते. खाडीकाठच्या मचूळ विहिरींवर भिस्त असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुसा हायड्रोजेल याच कुळातलं, पण ते मातीत ओल टिकवण्यासाठी केलेलं दाणेदार आहे. पंपात घालून भिंतीवर मारायला जाल तर नोझल तुंबेल.

माझ्या मते लहान बागायतदाराने जेलपायी पैसा घालू नये. फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप दारात आहेच. तो औषध धुऊन स्वच्छ करा आणि 200 लिटरची दोन पिंपं भरून त्याच्याजवळ ठेवा. इंजिन पेट्रोल किंवा डिझेलचं असू द्या. वणव्यात वीज बंद केली जाते आणि विहिरीवरची मोटर ऐन वेळी मुकी होते. आग दिसली की आधी गुरांची दावी सोडा, मग छप्पर, वासे आणि पडवी भिजवा. धूर दाटला तर सगळं टाकून बाहेर पडा. वनखात्याचा 1926 आणि आपत्कालीन 112 हे नंबर मांगराच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

वणवा पुढे सरकला की लगेच घरी जाऊ नका. दोघांनी रात्रभर पाळी लावून थांबा. दर तासाला माळ्यावर चढून पेंढा उकरा आणि वाशांच्या खोबणीपाशी हाताची पाठ धरून बघा. ऊब लागली तर तिथलं कौल उचला आणि पाणी ओता.