लिस्बन आणि सिंत्रा: वाहनाने चढून, पायी उतरत पाहण्याची रीत

लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे, त्यामुळे दिवसाची आखणी करताना अंतरापेक्षा चढ-उताराचा विचार आधी करावा लागतो. नकाशावर पाच मिनिटांची दिसणारी वाट प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांनी दम काढते, आणि पदपथांवर बसवलेले चुनखडीचे छोटे गुळगुळीत दगड पावसात साबण लावल्यासारखे निसरडे होतात. म्हणून तळाला चांगली पकड असलेले बूट घ्यावेत आणि उंच जागी शक्यतो वाहनानेच जाऊन तिथून पायी खाली यावे. एवढे पाळले तर सोबत वडीलधारी मंडळी असली तरी पोर्तुगालची ही राजधानी आणि जवळचे सिंत्रा गाव तीन दिवसांत नीट पाहून होते.

पहिल्या दिवशी सकाळी फिगेरा चौकातून 737 क्रमांकाच्या बसने साओ जॉर्ज किल्ल्याकडे जावे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रीक याने 1147 मध्ये मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुस्लिम सत्ताधीशांकडून हे ठाणे जिंकले. आतले अवशेष फारसे भव्य नाहीत, पण तटावरून तेजू नदीचे विस्तीर्ण पात्र आणि खालच्या शहराची रचना एका नजरेत येते, आणि पुढची पायपीट त्यामुळे सोपी होते. किल्ल्यावरून पोर्ताश दु सोल या सज्जावर यावे आणि तिथून आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शिरावे. इथे नकाशा खिशात ठेवला तरी चालेल. उतार धरून चालत राहिले की माणूस अखेर नदीकाठीच पोहोचतो.

1 नोव्हेंबर 1755 रोजी मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग लागली. त्यात खालचे शहर जवळजवळ नष्ट झाले, पण आल्फामाची वेडीवाकडी वीण बरीचशी टिकली. म्हणूनच आल्फामातून बायशा भागात उतरताना काटकोनांत आखलेले सरळ रस्ते एकदम समोर येतात. ती राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसच्या देखरेखीखाली झालेली पुनर्रचना आहे. भूकंपाची खूण प्रत्यक्ष पाहायची असेल तर छप्पर कोसळलेले कार्मो मठाचे चर्च चुकवू नये. ते वर शियादु भागात आहे. 1902 मध्ये सुरू झालेल्या सांता जुश्ता या लोखंडी लिफ्टसमोर रांगेत ताटकळण्यापेक्षा बायशा-शियादु मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यांनी वर यावे. प्रसिद्ध 28 क्रमांकाची ट्राम सकाळी लवकर पकडली तर बसायला जागा मिळते. दुपारी तिच्यात गर्दी आणि खिसेकापू दोन्ही असतात.

दुसरा दिवस बेलें भागासाठी ठेवावा, मात्र तो सोमवार नसावा, कारण त्या दिवशी जेरोनिमोश मठ बंद असतो. 15 क्रमांकाची ट्राम तिथे नेते आणि हा भाग सपाट असल्याने पायांनाही आराम मिळतो. मान्युएल राजाच्या काळात, 1501 च्या सुमारास, मठाचे बांधकाम सुरू झाले आणि त्याचा खर्च मुख्यतः आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या करातून भागवला गेला. त्या दगडी नक्षीत आपल्याकडच्या मिरीचाही वाटा आहे, हे मराठी माणसाने तिथे उभे राहून जरूर आठवावे. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो 1524 मध्ये कोचीनला वारला आणि त्याचे अवशेष नंतर मायदेशी आणले गेले. चर्च आणि मठाचे अंगण यांच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा उभे राहण्यापूर्वी विचारून घ्यावे.

उपाहारगृहात न मागताच पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर येते. ते फुकट नसते. नको असल्यास लगेच परत पाठवावे. शाकाहारी मंडळींनी काल्दु व्हेर्द हे हिरवे सूप मागवताना त्यात सॉसेजचा तुकडा नाही ना, याची खात्री करावी. बाकी पाव, बटाटा, अननस, चावी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले असल्याने थोडे उच्चार बदलून तिथेही समजतात.

तिसऱ्या दिवशी रोसियु स्थानकातून सिंत्राची लोकल घ्यावी. प्रवास सुमारे चाळीस मिनिटांचा आहे. पेना राजवाड्याचे वेळ ठरवलेले तिकीट आधीच काढावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराशी मोजली जाते, उद्यानाच्या फाटकाशी नव्हे, आणि या दोहोंमध्ये चांगलाच चढ आहे. हे न कळल्यामुळे अनेकांची वेळ हुकते. स्थानकापासून 434 क्रमांकाची बस वर नेते. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या राणीचा पती फर्डिनांड दुसरा याने जुन्या मठाच्या जागी उभारलेला हा लाल-पिवळा राजवाडा बाहेरूनच अधिक मोहक आहे, असे माझे मत आहे; आतल्या दालनांत रेंगाळण्यापेक्षा तो वेळ मूरांच्या किल्ल्याच्या तटावर घालवावा आणि तिथून रानातल्या वाटेने गावात उतरावे. गावातला जुना राजवाडा त्याच्या दोन प्रचंड शंक्वाकृती धुराड्यांमुळे लगेच ओळखू येतो. जवळच्या किंता दा रेगालेइरा या इस्टेटीमध्ये 27 मीटर खोल गोल जिन्याची विहीर आहे. तिथेही वरून शिरून भुयारातून बाहेर पडावे.

गोव्याचा व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रु याची पेन्या व्हेर्द ही इस्टेटही सिंत्रातच आहे. सोमनाथ पाटणचा 1287 सालचा संस्कृत शिलालेख समुद्रमार्गे तिथे पोहोचला होता. ती जागा खासगी असल्याने ती बाहेरूनच पाहावी लागते.

चौथा दिवस हाताशी असेल तर सिंत्राहून बसने युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक, काबु दा रोका, गाठता येते. तिथे उन्हाळ्यातही वारा बोचतो, म्हणून जाकीट सोबत असावे. मग काश्काइशला उतरून लोकलने लिस्बनला परतावे, आणि डब्यात उजव्या बाजूची खिडकी धरावी. आधी समुद्र आणि पुढे नदी त्याच बाजूला दिसते.