सेर्रातची बैठक घरी कशी भरवावी

आधी नाव नीट म्हणायला शिका. झुआन मॅन्युएल सेर्रात, स्पेनचा गायक आणि गीतकार. जोन नाही आणि खुआनही नाही. तो बार्सिलोनाचा, नाव तिथल्या, स्पॅनिशहून वेगळ्या कातालान भाषेतलं, आणि कातालानमध्ये ते 'झुआन' असंच म्हणतात. बारीकसारीक वाटेल, पण या माणसाच्या आयुष्यातलं पहिलं मोठं महाभारत भाषेवरूनच घडलं. त्याचं नाव तरी आपण त्याच्या भाषेत घ्यावं.

मी कोथरूडला राहते, बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजी घालून सेर्रात ऐकायची बैठक करते. बारा-पंधरा माणसं येतात, त्यातल्या निम्म्यांना स्पॅनिशचा गंध नसतो. पहिल्या बैठकीत मी तासाभराचं चरित्र सांगितलं आणि मग गाणी लावली. गाण्यांपर्यंत पोचेतो माणसं थकली होती, आणि सर्वांत सुंदर गाण्याच्या वेळी दोघं-तिघं चपला शोधत होते. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून क्रम उलटा केला: गाणं पुढे, चरित्र मागे. त्या गाण्याला लागेल तेवढंच सांगायचं.

गाणी सहाच घ्या. दोन तासांत सहा पुरतात. प्रत्येकाचा मराठी अर्थ एका पानावर टाइप करून झेरॉक्स काढा, मागच्या बाजूला मूळ शब्द देवनागरीत. अक्षर मोठं ठेवा, आमच्याकडे येणारे बरेचजण साठीच्या पुढचे आहेत. अर्थ गाण्याआधी मोठ्याने वाचायचा आणि गाणं चालू असताना अजिबात बोलायचं नाही. स्पीकर साधा चालतो, फक्त भिंतीला चिकटवून ठेवू नका, आवाज घुमतो आणि शब्द बुडतात. सेर्रातच्या बाबतीत शब्द बुडले की सगळंच बुडालं. आपल्या भावगीतात कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा. तिकडे तिन्ही एकच असलेल्या माणसाला 'कांताउतोर' म्हणतात. हा शब्द सुरुवातीलाच सांगून टाका.

पहिलं गाणं 'कान्सो दे ब्रेसोल', म्हणजे अंगाई. हेच का? कारण त्यात त्याचं घर आहे. १९४३च्या डिसेंबरात तो जन्मला तो बार्सिलोनाच्या पोब्ले-सेक या कामगारवस्तीत, मोंजुइक टेकडीच्या पायथ्याशी. वडील कातालान. आई आरागॉन प्रांतातल्या बेल्चितेची, स्पेनच्या १९३६-३९च्या यादवी युद्धात जमीनदोस्त झालेल्या गावची, आणि तिची भाषा स्पॅनिश. गाणं सुरू होतं ते तिच्या मुलखातल्या लोकगीताच्या ओळींनी: सकाळी दंव, दुपारी ऊन, संध्याकाळी डास, मला नाही व्हायचं शेतकरी. आणि मग तो कातालानमध्ये शिरतो. एका घरात दोन भाषा कशा नांदतात ते कानाला आपोआप कळतं. ज्यांच्या घरी आजी कानडी आणि आजोबा मराठी, त्यांना तर समजवावंच लागत नाही. मग सांगा की हा मुलगा शिकला मात्र शेतकीच. हॉल खुलतो.

यानंतर एक गाणं न लावता सांगायचं. १९६८च्या युरोव्हिजनसाठी, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी, स्पेनने सेर्रातला निवडलं होतं, गाणं 'ला ला ला'. फ्रँकोच्या हुकूमशाहीत कातालान शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार झालेली होती. सेर्रात तेव्हा 'एल्स सेत्झे जुत्जेस' या कातालानमधून गाणाऱ्यांच्या गटात होता, तेरावा सभासद. (गटाचं नाव म्हणजे 'सोळा न्यायाधीश', आणि ते आलंय आपल्या 'कच्चा पापड, पक्का पापड'सारख्या जीभ वळवणाऱ्या वाक्यातून.) तो म्हणाला, मी हे कातालानमध्ये गाईन. परवानगी नाकारली, तोही हटला नाही. स्पर्धा काही दिवसांवर आलेली असताना मासिएल नावाच्या गायिकेला पाठवलं आणि ६ एप्रिलला लंडनमध्ये ती जिंकली, अवघ्या एका गुणाने. सेर्रातला सरकारी टीव्हीचे दरवाजे बंद झाले. हे सांगताना त्याला नुसता भाषावीर करू नका. त्याच काळात तो स्पॅनिशमध्येही गायला लागला आणि त्यावरून कातालानवाल्यांनीही त्याला बोल लावले. दोन्हीकडून मार खाल्ला आणि दोन्ही भाषांत गात राहिला. आईची एक, बापाची एक, सोडायची कुठली? मला तो आवडतो तो यासाठी.

दुसरं 'पेनेलोपे'. स्टेशनच्या बाकावर पर्स घेऊन, नटूनथटून एक बाई वर्षानुवर्षं वाट बघते. तो परत येतो तेव्हा ती त्याला ओळखतच नाही. इथे चरित्र शून्य. चाल त्याची नाही, आउगुस्तो आल्गेरोची आहे, तेवढं प्रामाणिकपणे सांगून गाणं लावा.

तिसरं 'कांतारेस', १९६९च्या आन्तोनियो माचादोच्या कवितांच्या अल्बममधलं. मूळ अल्बममधलंच घ्या, मैफलीतल्या ध्वनिमुद्रणात टाळ्यांमुळे शेवट हातचा जातो. 'वाटसरू, वाट नसतेच, चालता चालता वाट होते' या माचादोच्या ओळी स्पेनमध्ये सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण पानावर एक रेघ ओढा आणि तिच्या वर 'माचादो', खाली 'सेर्रात' असं लिहा. कारण पुढे सेर्रात स्वतःचे शब्द घालतो: घरापासून दूर मेलेला कवी, अंगावर शेजारच्या देशाची धूळ. माचादो यादवी युद्धाच्या शेवटी, १९३९च्या जानेवारीत, थकलेल्या आईला घेऊन सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेला आणि २२ फेब्रुवारीला कोलिऊर गावी वारला. तीन दिवसांनी आईही गेली. वाटेवरची कविता लिहिणारा असा वाटेत संपला, ते सेर्रातने त्याच्याच कवितेला जोडून दिलं. ही रेघ दिसली नाही तर लोकांना ते छानसं उपदेशपर गाणं वाटतं.

इथे चहा. दहाच मिनिटं, आणि चहासोबत काही तळू नका. पुढच्या गाण्याला घर शांत हवं.

'नानास दे ला थेबोया', कांद्याची अंगाई. शब्द मिगेल एर्नांदेसचे, चाल आल्बेर्तो कोर्तेसची, सेर्रातच्या १९७२च्या अल्बममधलं. या एका गाण्याला मी वीस मिनिटं देते. एर्नांदेस गुराखी कवी, यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या, म्हणजे फ्रँकोविरुद्धच्या बाजूने लढलेला. तुरुंगात बायकोचं पत्र आलं: घरात पाव आणि कांद्याशिवाय खायला काही नाही. तान्हं मूल अंगावर पीत होतं. त्याने उत्तरादाखल अंगाई पाठवली. १९४२ साली, एकतिसाव्या वर्षी, आलिकान्तेच्या तुरुंगात क्षयाने गेला.

मराठी अर्थ लिहिताना इथे मोठी फसगत होते. 'पाव आणि कांदा'चं मी पहिल्यांदा 'कांदा-भाकर' केलं होतं. वाचल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे शेतावर हेच असायचं, काय गोड लागायचं!" त्यांचं बरोबरच होतं. आपल्या कानाला कांदा-भाकर म्हणजे शेत, बांध, उन्हातली सावली. तिथे ती उपासमार आहे, दूध आटवणारी. आता मी 'नुसता पाव, नुसता कांदा' असं लिहिते. दोनदा 'नुसता' आलं की कोणी हसत नाही.

दुसरी अडचण पहिल्याच ओळीत. कवी कांद्याला 'एस्कार्चा' म्हणतो, मिटलेला आणि गरीब. एस्कार्चा म्हणजे गवतावर पहाटे गोठून पांढरा झालेला थर. 'दंव' लिहिलं तर टवटवीत वाटतं, आपण पहिल्या गाण्यात ऐकलं तसं. 'हिम' लिहिलं तर सिमला आठवतं. मग मला पेपरातली दर थंडीतली बातमी आठवली: निफाडला दवबिंदू गोठले. आणि निफाड तालुक्यातच लासलगाव, कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ! 'गोठलेलं दव' असं लिहिलं, आणि वाचण्याआधी निफाडचं नाव घेते. कांदा आणि गोठलेलं दव एकाच तालुक्यात आहेत म्हटल्यावर ती ओळ कोणाला परकी राहत नाही. गाणं संपलं की लगेच पुढचं लावू नका. पंखा बंद असेल तर पाऊस ऐकू येतो, तेवढा येऊ द्या.

पाचवं 'मेदितेर्रानेओ', १९७१चं. त्या समुद्राकाठी बालपण घालवलेला माणूस त्याच्याच काठच्या उतारावर आपल्याला पुरायला सांगतो. हे गाणं वनवासाच्या गोष्टीला जोडून द्या. सप्टेंबर १९७५मध्ये फ्रँकोच्या राजवटीने पाच जणांना गोळ्या घातल्या. सेर्रात तेव्हा मेक्सिकोत होता, त्याने उघड निषेध केला. मायदेशी अटकेचं वॉरंट निघालं, तो जवळजवळ वर्षभर परतू शकला नाही. फ्रँको नोव्हेंबरात वारला आणि सेर्रात १९७६च्या उन्हाळ्यात घरी आला. गाणं वनवासाच्या आधीचं आहे हे नक्की सांगा, नाहीतर लोक उगाच तसा अर्थ लावतात. आधी लिहिलेलं गाणं नंतर खरं ठरलं, हे जास्त लागतं.

पुढची वर्षं भराभर आटपा. १९८५मध्ये उरुग्वेचे कवी मारिओ बेनेदेत्तींबरोबर केलेला अल्बम, २००४मधला कर्करोग आणि त्यातून उठणं. थांबायचं ते २३ डिसेंबर २०२२ला. वयाच्या एकोणऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस असताना त्याने बार्सिलोनात शेवटची मैफल केली, पालाउ सांत जोर्दीमध्ये. ते सभागृह मोंजुइकवर आहे. ज्या टेकडीच्या पायथ्याशी जन्मला, तिच्यावर गाणं थांबवलं. पर्वतीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे मी कधी फोड करून सांगितलेलं नाही.

सहावं 'आकेयास पेकेन्यास कोसास', त्या लहानसहान गोष्टी. खूप छोटं आहे. जुन्या दिवसांनी कोपऱ्यात, कागदात, खणात मागे ठेवलेल्या वस्तू. याचा अर्थ आधी वाचू नका. गाणं एकदा नुसतं ऐकवा, मग अर्थ वाचा आणि पुन्हा एकदा लावा. दुसऱ्या वेळी दिवा मालवला तरी चालेल. कागद परत मागू नका.