आधी माप, मग क्रॉप: फोटो प्रिंटला देण्याआधीची तयारी

गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून "भाऊ, हा फोटो मोठा करी द्या" म्हणालं की कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एवढं विचारून घ्या: कुठे लावायचा, फ्रेम आधीच घेतलीय का, आणि घेतली असेल तर आतून माप किती? आपल्याकडे बरेच जण बाजारातून तयार फ्रेम आणून ठेवतात आणि मग फोटो करायला येतात. ती बहुतेक १० बाय १२ किंवा १२ बाय १५ इंच असते. माप तोंडी घेऊ नका. फ्रेम उलटी करून पट्टी लावलेला फोटो मागवा, नाहीतर फ्रेमच दुकानात आणायला सांगा. माप ठरल्याशिवाय क्रॉप करायचा नाही. हे मी पुढेही सांगणार आहे, कारण मागच्या लग्नसराईत माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि एका घरच्या ग्रुप फोटोत कडेची आत्या अर्धीच छापली गेली.

बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ या प्रमाणात असतो. तो ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८, २० बाय ३० या मापांत काही न कापता बसतो. ८ बाय १० म्हटलं की बारातले दोन इंच गेले. १२ बाय १५ ला अठरातले तीन गेले. १० बाय १२ तर सगळ्यात वाईट, पंधरातले तीन, म्हणजे फोटोचा पाचवा हिस्सा. ५ बाय ७ ला अर्धा इंच जातो. एकट्या माणसाच्या फोटोत ते चालून जातं. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो, त्यामुळे तिथे उलटं होतं: आडवा फोटो ८ बाय १२ वर भरून छापला की वरून-खालून मिळून एक इंच जातो. तो बहुधा नवरदेवाच्या फेट्याच्या तुऱ्यातूनच जातो. मोबाइलच्या फोटोला ६ बाय ८ किंवा १२ बाय १६ सुचवा.

आता आपले ग्रुप फोटो आठवून पाहा. कानबाईचे रोट (आपला खानदेशी सण) असोत की हळद, सगळे भाऊबंद एका रांगेत, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेला उभे असतात ते शेवटी धावत आलेले काका, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली काकू, कडेवर पोर घेतलेली सून. रुंदीतला सहावा हिस्सा गेला की हेच जातात. मधल्या नवरा-नवरीला काही होत नाही, त्यामुळे स्क्रीनवर घाईत बघताना लक्षातही येत नाही. घरच्यांना मात्र फ्रेम हातात घेतल्याबरोबर कळतं. म्हणून आधी माप, मग त्या मापाची चौकट लावायची, आणि चौकटीच्या चारही कडा शंभर टक्के झूम करून बघायच्या. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन पाहिलं नसेल तर जाऊन या. टेबलावर मांडणी करून काढलेले त्यांचे फोटो पाहिले की कडेचाही किती विचार करायचा असतो ते कळतं.

माणसं कापल्याशिवाय बसतच नसेल तर मार्ग आहेत. फोटो पूर्ण ठेवून वर-खाली पांढरी पट्टी सोडा. किंवा १२ बाय १८ छापून त्या मापाची फ्रेम बनवून घ्या. खर्च थोडा वाढेल, तो आधी सांगा. आणि पुढच्या वेळी ग्रुप काढताना दोन पावलं मागे सरका, दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी ठेवा.

फाइल किती मोठी हवी याचा हिशेब सोपा आहे. फोटोच्या लांब बाजूचे पिक्सेल घ्या आणि ३०० ने भागा. तेवढ्या इंचांचं प्रिंट हातात धरून बघायला उत्तम येतं. भिंतीवर लांबून बघायचं असेल तर १५० ने भागलं तरी चालतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, म्हणजे ३०० नेच २० इंच. भांडण तिथे नाहीच, भांडण आहे व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोशी. साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो. १६०० ला १५० ने भागा: जेमतेम साडेदहा इंच. त्याचं १२ बाय १८ मागतात. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' हे गिऱ्हाइकाला स्वतः मोबाइल हातात घेऊन शिकवा. सॉफ्टवेअरमध्ये रिझोल्यूशनच्या (एका इंचात किती पिक्सेल) रकान्यात ७२ च्या जागी ३०० लिहिल्याने फोटोत नवीन काही येत नाही, तो खटाटोप करू नका.

गंधमुक्तीसाठी, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या विधीसाठी, फोटो मागायला येतात तेव्हा सगळ्यात जास्त सांभाळा. वेळ थोडा असतो, घरच्यांचं मन थाऱ्यावर नसतं, आणि हातात असतो एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो. त्यातल्या चेहऱ्याला जर २०० पिक्सेल असतील तर १५० ने भागून साधारण सव्वा इंचाचा चेहरा होतो. १२ बाय १५ च्या फोटोत तो चार इंचांचा करायचा म्हणजे नाक-डोळे वितळणारच. मशीनने चेहरा गुळगुळीत करून देऊ नका, त्या घराला तो त्यांचा माणूस वाटणार नाही. शांतपणे विचारा, घरात जुना स्टुडिओतला फोटो आहे का? ४ बाय ६ चा कागदी फोटो इंचाला ६०० पिक्सेलवर स्कॅन केला तर ३६०० बाय २४०० मिळतात, १२ इंचांपर्यंत काळजी नाही. नसेलच तर ५ बाय ७ सुचवा. लहान पण ओळखू येणारा फोटो घरच्यांना पटतो, समजावून सांगितलं तर.

रंग: फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतच सेव्ह करा, अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीची फाइल तशीच गेली तर बऱ्याच लॅबमधून फिकी, मेलेली येते. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून फोटो दुरुस्त केला की प्रिंट काळपट येतं. उजेड कमी करा, एक ४ बाय ६ काढून शेजारी धरा, मग बाकीचे पाठवा. जेपीईजी वरच्या क्वालिटीला. शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) माप ठरल्यावर, सगळ्यात शेवटी.

लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल' आणि 'फिट' असे पर्याय असतात. फिट म्हणजे पूर्ण फोटो ठेवून उरलेली जागा पांढरी सोडणार, फिल म्हणजे कागद भरायला मशीन स्वतःच्या मनाने कापणार. तुम्ही आधीच मापात क्रॉप केलं असेल तर त्याला कापायला फारसं उरत नाही. तरी कडेला थोडी जागा सोडा, कारण बिनकडेच्या प्रिंटमध्ये दोन-तीन मिलिमीटर जातात आणि फ्रेमची ओठी (फोटोवर येणारी आतली कड) चारही बाजूंनी पाव इंचाच्या आसपास झाकते. कॅनव्हास असेल तर गुंडाळायला प्रत्येक बाजूला दीड-दोन इंच जास्त लागतात. क्रॉप केलेला फोटो गिऱ्हाइकाला पाठवून "सगळी माणसं आहेत ना, बघून सांगा" असं विचारा आणि उत्तर लेखी येऊ द्या. नुसता अंगठा नको, "हो, सगळे आहेत" असं.

कागद: अल्बमला ग्लॉसी चालतो, भिंतीवरच्या फोटोला मॅट. ग्लॉसी प्रिंट काचेला टेकवून बसवू नका, ओल लागली की चिकटतं. मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. धाब्याच्या घरात पावसाळ्यात भिंत ओलावते, तिथे फ्रेमच्या मागे छोट्या गुटक्या लावा. थेट ऊन पडणारी भिंत टाळायला सांगा.

फाइलच्या नावात माप, नग आणि कागद लिहा. पेन ड्राइव्हवर एक प्रत, स्वतःकडे एक. लॅबमधून प्रिंट आले की काउंटरवरच नग मोजा, कडा बघा. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात पाकीट बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.