मनगटं दुखतात? आधी हँडलचा कोन बघा

मोटरसायकलवरच्या लांबच्या प्रवासात मनगटं भरून येत असतील, तर हँडल किंचित फिरवून बघा.

१. हँडलवर क्लॅम्पशेजारी (हँडल धरून ठेवणारी पकड) मार्करने खूण करा. क्लॅम्पचे बोल्ट थोडेच ढिले करा, काढू नका.
२. सीटवर नेहमीसारखं बसून हँडल ३-४ मिलिमीटर फिरवा. कोपर जरा वाकलेले राहायला हवेत.
३. आता क्लच-ब्रेकचे लिव्हर. बरंचसं दुखणं इथेच असतं! बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट सरळ राहील इतका कोन द्या.
४. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराचं माप) आवळा.

निघण्याआधी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आरपीएम (इंजिनचा वेग) वाढला तर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) केबल ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेही पाहा.