नाताळ अंगावर येऊ नये म्हणून

मी निवृत्त परिचारिका. कोल्हापुरातच नोकरी केली, इथंच संसार केला, आणि आमचं घर ख्रिस्ती असल्यामुळे नाताळ दोन्ही बाजूंनी बघितला, घरातून आणि वॉर्डातून. 26 डिसेंबरला ड्युटीवर गेलं की ओळखीचे चेहरे भेटायचेच. कुणाची शुगर चढलेली, कुणाला धाप लागलेली, कुणी छातीत जळजळतंय म्हणून रात्र बसून काढलेली. गोळ्या वेळेवर घेतल्या का विचारलं की उत्तर ठरलेलं, "सिस्टर, सणाच्या एका दिवसानं काय होतंय?"

एका दिवसानं फारसं काही होत नाही, हे खरं. पण नाताळ एका दिवसाचा कुठं असतो? नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार, कॅरोलच्या (नाताळगीतांच्या) फेऱ्या, फराळ, 24 च्या रात्रीची उपासना, 25 चं जेवण, पाहुणे, 31 ची उपासना आणि वर 1 जानेवारी. या सगळ्यात झोप मोडते, जेवणाची वेळ हलते, गोळी चुकते. मटणानं आणि केकनं माणूस जेवढा आजारी पडत नाही, तेवढा या विस्कटलेल्या वेळांनी पडतो. म्हणून माझं सांगणं एकच: झोप, जेवण आणि औषध यांच्या वेळा आधी पक्क्या करा आणि सण त्यांच्याभोवती बसवा. आपण नेमकं उलटं करतो.

आधी कॅलेंडर

15 डिसेंबरच्या आत घरातले सगळे एकदा बसा आणि कॅलेंडरवर पेन चालवा. कॅरोलची मंडळी आपल्या गल्लीत कोणत्या रात्री येणार, मुलांचा कार्यक्रम कधी, पाहुणे कधी, हे लिहून काढा. मग 24 ते 1 मधली एक दुपार मोकळी सोडून तिच्यावर काट मारा. त्या दुपारी कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. काट मारलेली दिसली की घरातली माणसं ती पाळतात. नुसती मनात ठरवलेली दुपार कुणीतरी घेऊन जातंच.

कोल्हापूरकरांची आणखी एक अडचण आहे आणि ती सगळ्या धर्मांच्या घरांत सारखीच आहे. शाळांना नाताळची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक म्हणतात, "येतोय, अंबाबाईचं दर्शन करतो, पन्हाळाही होईल." माणसं आली की आनंद होतोच. पण त्या आठवड्यात भवानी मंडप, महाद्वार रोड, बिंदू चौक या भागांत पाय ठेवायला जागा नसते. पाहुण्यांना तिथं फिरवून आणायचं, परत येऊन स्वयंपाकाला लागायचं, आणि हे सगळं घरच्या बाईनं एकटीनं, हे बंद करा. फोनवरच सांगा: "या की! सकाळचा नाष्टा आणि दुपारचं जेवण घरी, रात्री आपण सगळे बाहेर जेवू." किंवा, "25 ला आम्ही चर्चमध्ये असणार, तुम्ही 27 ला आलात तर निवांत बसता येईल." आधी सांगितलेलं कुणाला लागत नाही. दारात आल्यावर चेहरा पडलेला मात्र लागतो.

ज्यांच्या घरी नाताळ आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की परंपरेनं हा काळ 6 जानेवारीपर्यंत, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. दिराकडे, नणंदेकडे, जुन्या शेजाऱ्यांकडे 25 आणि 26 लाच जाऊन यायचा आटापिटा कशाला? 3 तारखेला गेलात तर ते चहाला निवांत बसवतील आणि तुमच्याशी दोन शब्द बोलतीलही.

बाजार लवकर उरका. लक्ष्मीपुरीतून रवा, मैदा, तेल, सुकामेवा पहिल्या पंधरवड्यातच आणलेला बरा.

फराळ

आमच्याकडेही करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, शेव सगळं होतं, वर केक. एका बाईनं दिवसभर कढईपुढं उभं राहून हे करायचं नाही. सारण आदल्या दिवशी, लाटणं-भरणं दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून, आणि तळायला स्टुलावर बसून. पायांच्या शिरा फुगलेल्या बायका मी आयुष्यभर बघितल्या आहेत. उभं राहून जे पाय दुखतात ते नुसत्या बामानं जात नाहीत, दर अर्ध्या तासानं बसावं लागतं आणि रात्री पायाखाली उशी घ्यावी लागते. चकल्या बचत गटाकडून आणल्या तर सण कमी होत नाही. सुनेनं आणल्या तर सासूनं चव घेऊन "छान आहेत" म्हणावं, एवढंच.

औषधं

इथं मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण घोळ इथंच होतो.

20 तारखेला सगळ्या गोळ्या मोजा आणि 5 जानेवारीपर्यंत पुरतील एवढ्या आणून ठेवा. ऐन सुट्टीत आपले नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असू शकतात. गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा.

आता फ्रीज. नाताळच्या आदल्या दिवशी फ्रीज उघडून बघा: मटणाचं पातेलं, केकचे डबे, क्रीम, दही, आणि या सगळ्यानं ढकलत ढकलत मागच्या भिंतीला टेकलेली इन्सुलिनची डबी. काही फ्रीजमध्ये तिथं बर्फ धरतो. गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नाही, ते वाया गेलं असं समजा. शुगर का उतरत नाही म्हणून घरचे हैराण होतात आणि कारण त्या मागच्या कप्प्यात असतं. इन्सुलिनला झाकणाचा छोटा डबा करा, वर ठळक अक्षरात लिहा आणि तो दाराच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये कधीच नाही.

24 च्या रात्रीचंही असंच होतं. उपासनेहून आल्यावर जेवू म्हणून माणसं रात्री एकपर्यंत उपाशी राहतात, पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र आठलाच घेतात. मग मध्येच दरदरून घाम, हात थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. ही शुगर उतरल्याची लक्षणं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. पण हे सगळं टाळता येतं. रात्री आठला नेहमीसारखं भाजी-भाकरी जेवून घ्या, गोळी घ्या, पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा आणि मग उपासनेला जा. परत आल्यावर केकचा एक तुकडा आणि झोप. जेवणाआधीचं इन्सुलिन, जेवण तयार आहे याची खात्री झाल्यावरच.

डिसेंबरच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना मध्यरात्री न्यायचं तर कान-डोकं झाकून, मोज्यांसकट. दम्याच्या माणसाचा पंप खिशात हवा, घरी कपाटात असून उपयोग नाही. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटवतात, त्या धुरात संध्याकाळी फिरायला जाऊ नका. रंकाळ्यावरची फेरी ऊन वर आल्यावर मारा.

आणि छाती. छातीत दाब, घाम, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात जाणं, हे मटण खाल्ल्यावर झालं तरी त्याला पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका. "पाहुणे जाऊ देत, मग बघू" असं म्हणून तास घालवलेली माणसं मी बघितली आहेत. पाहुणे समजून घेतात. 108 लावा, सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथं जा.

ताट

तांबडा-पांढरा सोडा, असं मी कोल्हापुरात कुणाला सांगणार नाही. आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर, मग सुक्कं आणि भाकरी, भात शेवटी आणि थोडा. या क्रमानं जेवलं की साखर एकदम उसळत नाही. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, काजूचा, तो वाटीनं एकदाच. तांबड्याचा वरचा कट ज्यांना पित्त आहे त्यांनी बाजूला काढावा. जेवलं की आडवं न होता गल्लीत दहा-पंधरा मिनिटं चाला. केक आणि फराळ जेवणावर नको, चारच्या चहाला घ्या.

खुर्ची रिकामी असेल तर

घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर पहिला नाताळ फार जड जातो. माझे यजमान गेले त्या वर्षी चांदणी कोण लावणार यावरून सगळे गप्प होते. चांदणी तेच लावायचे, गच्चीवरून वायर सोडून, आणि मी खाली उभी राहून "अजून जरा डावीकडं" म्हणायची. नातवानं विचारलं, "आज्जी, मी लावू?" मी हो म्हटलं. तो लावत असताना आत जाऊन रडले, मग बाहेर येऊन सगळ्यांना चहा ठेवला. दोन्हीची गरज होती.

अशा घरानं आधीच ठरवावं, या वर्षी काय करायचं आणि काय सोडायचं. चांदणी लावू, पण पाहुणे नकोत. किंवा फराळ नको, पण त्यांच्या आवडीचं एक तरी करू. उपासनेला कडेच्या बाकावर बसा, म्हणजे गहिवरून आलं तर उठून बाहेर जाता येतं. वायल्डर मेमोरियलसारख्या मोठ्या चर्चमध्ये त्या दिवशी गर्दी असते, कोण उठलं कोण बसलं कुणी बघत नाही. भेटायला जाणाऱ्यांनी "आता सावरा" म्हणू नये. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, त्याची एखादी आठवण सांगावी. घरच्यांना भीती असते ती लोक त्याला विसरल्याची.

मुलं परदेशी किंवा बंगळूरला आणि घरात दोघंच म्हातारे, अशी घरं आता आमच्या मंडळीत पुष्कळ आहेत. व्हिडिओ कॉलची वेळ आधी ठरवून घ्या, नाहीतर दिवसभर फोनकडं बघत बसणं होतं. आणि एक मनापासून सांगते: नर्सिंगच्या मुलींना जेवायला बोलवा. केरळहून, ईशान्येकडून शिकायला आलेल्या असतात, ड्युटीमुळे घरी जाता येत नाही, आणि आईच्या वयाच्या बाईनं "ये गं बाळ" म्हटलं की त्यांचे डोळे भरतात. त्यांनाही घर मिळतं, तुमच्या ताटांचाही आवाज होतो.

मात्र झोप, भूक, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांच्या वर गेलं, किंवा जगून काय करायचं असं मनात यायला लागलं, तर तो नुसता सणाचा उदासपणा समजू नका. डॉक्टरांकडं जा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर 112. शेजारच्या घरात असं कुणी दिसलं तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, बोलायला वाट मिळते.

पैसे आणि 31 ची रात्र

कपडे, भेटवस्तू, वर्गणी यांचा आकडा पहिल्या आठवड्यात ठरवा आणि पाकिटात घालून ठेवा. हप्त्यावर सण करू नका, जानेवारीत झोप जाते ती याच काळजीनं.

31 ला पिणाऱ्यांसाठी: दारू यकृत आपल्या गतीनं पचवतं, कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ यांनी ती लवकर उतरत नाही. शुगरची औषधं चालू असतील तर पिल्यावर काही तासांनी साखर खाली येऊ शकते, आणि बरोबरचे मित्र "चढली असेल" म्हणून झोपू देतात. एकदम जास्त पिण्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, अगदी तरण्या पोरांचेही. कायद्यानं 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा आहे, पण पन्हाळ्याच्या घाटात त्याच्या आतही गाडी हातात घेऊ नये. मुलांना "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा "कितीही वाजू दे, फोन कर, न्यायला येतो" असं सांगा आणि खरंच जा. त्या रात्री प्रश्न विचारू नका.

2 किंवा 3 जानेवारीला उपाशीपोटी शुगर तपासा, बीपी मोजा, आकडे वहीत लिहा आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. 14 किंवा 15 ला संक्रांत असते, तिळगुळाचे डबे यायच्या आत हे झालेलं बरं.